कालव्याचा काठ

प्रस्तावना

माणसाने मालवाहतुकीच्या सोयीसाठी कालवे खणले. पुढे त्यांच्या आश्रयाने इतर जीवही नांदू लागले. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड कालव्यावरील एका दिवसाच्या नौकाप्रवासाचे वर्णन या पाठात आले आहे. मनुष्य आणि निसर्ग यांनी एकच जलमार्ग कसा वाटून घ्यावा, असा प्रश्न हा प्रवास आपल्यापुढे ठेवतो.

मूळ पाठ

मे महिन्यातील सकाळ. बॅनबरी गावाच्या धक्क्यावरून एक लांबट, अरुंद नौका दक्षिणेकडे निघते. ‘नॅरोबोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नौकेची रुंदी जेमतेम ७ फूट असते. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत असू शकते. येथील जलपाशांची, म्हणजेच ‘लॉक’ची, रुंदीच तेवढी असल्याने नौकेलाही हे सडपातळ रूप लाभले.

मध्य इंग्लंडमधील कोळसा ऑक्सफर्डला पोहोचविण्यासाठी १७६९ मध्ये या कालव्यास मंजुरी मिळाली. जेम्स ब्रिंडली हे त्याचे पहिले अभियंता. १७९० मध्ये कालवा ऑक्सफर्डला पोहोचला. काठावरील पायवाटेने चालणारा एक घोडा दोराने कोळशाची नौका ओढीत असे. पुढे रेल्वे आणि मोटारी आल्या व कालव्यांना उतरती कळा लागली. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने १९३९ मध्ये याच बॅनबरीहून आपल्या ‘क्रेसी’ नौकेतून प्रवास आरंभला. त्यावरील ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांनी कालव्यांच्या रक्षणासाठी एक संघटना उभी राहिली.

वाटेत पहिला जलपाश येतो. नौका आत शिरताच मागचे दार बंद होते. हातातील लोखंडी दांडा फिरवून पुढील दाराच्या झडपा उघडल्या जातात. पाणी हळूहळू खाली जाते आणि त्याबरोबर नौकाही उतरते. दोन्हीकडील पातळी समान झाल्यावरच दार उघडते. येथे घाई करून चालत नाही.

दुपारी महामार्गाच्या पुलाखालून जाताना वर वाहनांची घरघर ऐकू येते. खाली मात्र पाणकोंबडी आपल्या पिलांना घेऊन लव्हाळ्यात शिरते. राखी बगळा नौका अगदी जवळ येईपर्यंत निश्चल उभा राहतो. एवढ्यात पाण्यावरून एक निळी रेघ चमकून जाते. तो खंड्या! मातीच्या उभ्या काठात बीळ कोरून त्याने आपले घरटे केलेले असते.

याच काठात ‘वॉटर व्होल’ हा उंदरासारखा, आखूड कानांचा प्राणीही राहतो. कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. नौका वेगाने गेली, तर तिच्यामागे उठणाऱ्या लाटा काठावर आदळून माती धुऊन नेतात. माती गेली की बीळही जाते. या प्राण्यावर दुसरेही संकट ओढवले. फरसाठी १९२९ पासून ब्रिटनमध्ये आणलेली अमेरिकन मिंक पाळणाऱ्यांच्या तावडीतून निसटून कालव्यांकाठी पसरली. तिची मादी व्होलच्या बिळातही शिरू शकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होलची संख्या झपाट्याने घटली. अखेर २००८ मध्ये त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले. कालव्यांचे काठ सावरताना काही ठिकाणी पोलादी पत्र्यांऐवजी काथ्याच्या जाड गुंडाळ्या बसवून त्यांत पाणवनस्पती लावतात. कोकणात नारळाच्या सोडणापासून निघणारा हा साधा धागा तेथे एका प्राण्याच्या घराला आधार देतो.

सायंकाळी नौका सॉमर्टनच्या कुरणांपाशी थांबते. दिवसभरात जेमतेम बारा-पंधरा किलोमीटरांचे अंतर कापले गेले आहे. मोटारीला त्यासाठी पाव तासही लागला नसता. यंत्र बंद होते, दोर खुंटीला बांधला जातो. पाण्यावर वटवाघळे घिरट्या घालू लागतात. तोच काठाशी ‘डुबुक’ असा हलका आवाज होतो आणि पाण्यावर वर्तुळे उमटतात. कोणीतरी बिळातून बाहेर पडले आहे. त्याचे घर अजून शाबूत आहे.

स्वाध्याय

१. नॅरोबोटीची रुंदी कमी का ठेवावी लागली?
२. नौकेचा वेग आणि वॉटर व्होलचे बीळ यांतील संबंध स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या नदीचा, तलावाचा किंवा कालव्याचा काठ पाहा. तेथे कोणते जीव राहतात, ते दहा ओळींत लिहा.