अल्पवयीन ग्राहक आणि मेदोहर योग : विक्रेत्याचे कर्तव्य

शाळेच्या गणवेशातील चौदा-पंधरा वर्षांची मुलगी औषधी दुकानात येऊन 'बारीक होण्याच्या गोळ्या' मागते, तेव्हा विक्रेत्याने काय करावे? कायद्यात याचे उत्तर मिळत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो; किरकोळ विक्रीस तो लागत नाही आणि ग्राहकाच्या वयाची अटही नाही. आहारपूरके अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, ही सूचना त्यावर छापणे २०१६ च्या विनियमांनी बंधनकारक केले. परंतु तोच डबा मुलास विकण्यास मनाई नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्य आहे. तेथे जाहिरातीस प्रतिबंध आहे, विक्रीस नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २२ एप्रिल २०२४ पासून वजन घटविण्यासाठी वा स्नायू वाढविण्यासाठी म्हणून विकली जाणारी पूरके १८ वर्षांखालील ग्राहकास देण्यास बंदी केली. साधी प्रथिनचूर्णे त्यातून वगळली आहेत. वस्तू कोणत्या दाव्याने विकली जाते, हा तेथील मुख्य निकष होय.

आपल्या शास्त्रास ही दृष्टी नवी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सोळा वर्षांपर्यंतचे वय अपरिपक्वधातू, सुकुमार व क्लेश न सोसणारे म्हटले आहे. त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातू वाढतच असतात. ज्या वयात धातू घडत आहेत, त्या वयात परीक्षणाविना लेखन द्रव्ये देणे म्हणजे बांधकाम चालू असतानाच भिंत खरवडणे होय. शिवाय 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामीनची भेसळ अमेरिकी औषध नियंत्रकांना वारंवार आढळली आहे. हे द्रव्य भारतात २०११ पासून प्रतिबंधित आहे.

यास्तव पुढील नियम स्वतःहून पाळावेत.

१. मेदोहर वा स्नायुवर्धक म्हणून विकला जाणारा योग १८ वर्षांखालील ग्राहकास वैद्याची चिठ्ठी व पालकांची उपस्थिती याविना देऊ नये.

२. नकार सौम्य असावा. इतर ग्राहकांसमोर मुलाच्या शरीराविषयी बोलू नये. पालकांसह वैद्याकडे जाण्यास सांगावे.

३. वैद्याने प्रथम उंची, वजन, मुलीच्या पाळीचा इतिहास व जेवण टाळण्याची सवय पाहावी. अनेकदा वजन योग्यच असते. तेथे औषध नव्हे, धीर हवा. खरे स्थौल्य असल्यास गुरु-मधुर आहार, दिवास्वाप व अव्यायाम या हेतूंचा परित्याग हीच पहिली चिकित्सा होय.

४. घटकद्रव्ये व परवाना क्रमांक नसलेला माल दुकानात ठेवू नये.

न्यूयॉर्कच्या विक्रेत्यास वयाचा पुरावा मागावा लागतो. पुसेगावसारख्या (ता. सेनगाव, जि. हिंगोली) गावी ग्राहक कोणाचा मुलगा, कितवीत शिकतो, हे दुकानदारास बहुधा ठाऊक असते. वय माहीत नव्हते, ही सबब येथे चालणार नाही. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ही मर्यादा आपणच पाळावयाची आहे.