न घडलेल्याचा हिशेब

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी नियमपालनाचं काम पाहायचो, तिथे लॅपटॉपचे अडॅप्टर बनायचे. एका वर्षी खर्चकपातीच्या बैठकीत विचारणा झाली, "या विभागातून कंपनीला मिळतं काय?" उत्तर ऐकायच्या आधीच निर्णय झालेला होता. माझा एकुलता एक सहकारी कमी झाला आणि सुटा भाग बदलताना आमची सही घ्यायची पद्धतही बंद झाली.

पुढे खरेदी विभागाने वाय-कपॅसिटर स्वस्तातला घेतला. नखाएवढा निळा भाग. पण तो विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये बसतो; तो शॉर्ट झाला तर 230 व्होल्ट वापरणाऱ्याच्या हातापर्यंत पोचू शकतात. 2012च्या आदेशाने सुरू झालेल्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) सक्तीच्या नोंदणीत पुढे अडॅप्टरही आले. या नोंदणीच्या चाचणी अहवालात असे महत्त्वाचे भाग मेक-मॉडेलसकट नोंदलेले असतात. ग्राहकाच्या तपासनिसाने एक अडॅप्टर फोडून अहवालातल्या यादीशी ताडला, कपॅसिटर जुळला नाही आणि त्याने सगळा माल परत पाठवला. अडॅप्टरचं कव्हर अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने बंद होतं. उघडायचं म्हणजे तोडायचंच. दुरुस्तीला वावच नव्हता.

मोठ्या कंपन्यांचंही हेच होतं. 2001च्या अखेरीस नेदरलँड्सने सोनीचे सुमारे 13 लाख प्लेस्टेशन अडवले, केबलमध्ये कॅडमियम जास्त सापडलं म्हणून. आपल्या ई-कचरा नियमांतही कॅडमियमची मर्यादा 0.01 टक्का आहे.

आमचा माल परत आला तेव्हापासून मी एक वही ठेवतो. अडवलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी लिहितो: कोणता भाग, कोणत्या अहवालात नोंदलेला, कोणाची ऑर्डर त्यावर अवलंबून, पुन्हा चाचणीला किती पैसे, किती दिवस. शेजारी खरेदीवाल्यांची सही. सही फार महत्त्वाची, कारण सहा महिन्यांनी "तसं काही झालंच नसतं" म्हणणारे भेटतात. विक्री विभागाकडून नोंदणी क्रमांक मागणाऱ्या चौकशा घेतो आणि त्यांतून आलेल्या ऑर्डरची रक्कम समोर मांडतो. दंडाचे फुगवलेले आकडे मात्र घालत नाही. एक जरी खोटा ठरला तरी बाकीच्यांवरचा विश्वास जातो.

डोंबिवली-कल्याणहून रोज ठाण्याला येऊन हेच काम करणाऱ्या तरुणांनो, बैठकीची वाट पाहू नका. आज अडवलेला बदल आजच लिहा आणि मालकांना महिन्याच्या महिन्याला दाखवा.