पेशींना लागणारी प्राणवायूची चाहूल

अन्नावाचून मनुष्य कित्येक दिवस काढू शकतो. पाण्यावाचूनही एक-दोन दिवस कसेबसे निभावतात. परंतु प्राणवायूचा पुरवठा थांबला, तर अवघ्या काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. त्यांतील बहुतेक पेशी अन्नरसातील साखरेचे प्राणवायूच्या साहाय्याने मंद ज्वलन करून त्यातून शक्ती मिळवितात. तेव्हा प्राणवायू पुरेसा आहे किंवा नाही, हे पेशीला वेळीच कळणे अगत्याचे असते. पण पेशीला ना डोळे, ना नाक. मग तिला हे कळते तरी कसे?

उंच पर्वतावर हवा विरळ होते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. १८९० साली फ्रान्सवा व्हिओ नावाचा एक फ्रेंच शास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात गेला. समुद्रकाठच्या लिमा शहरातून तो सुमारे ४४०० मीटर उंचीवरील मोरोकोचा या खाणींच्या गावी जाऊन राहिला. तेथे त्याने स्वतःच्या रक्तातील तांबड्या कणांची मोजणी केली. प्रवासाच्या आरंभी त्याच्या एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबडे कण होते. तीन आठवड्यांच्या आत ती संख्या ७० लाखांच्या पुढे गेली. प्राणवायू वाहून नेण्याचे काम हे तांबडे कणच करतात. हवेत प्राणवायू कमी झाला, तेव्हा शरीराने त्याचे वाहकच वाढविले होते!

ही आज्ञा कोण देतो, हे पुढे उलगडले. तांबडे कण हाडांतील मज्जेत तयार होतात आणि ते वाढविण्याचा निरोप मुख्यतः मूत्रपिंडांकडून येतो. प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडांतील काही पेशी एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. परंतु मूळ प्रश्न तसाच उरला. मूत्रपिंडातील पेशीला तरी ही उणीव कोण सांगतो?

या शोधात तीन वैद्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ग्रेग सेमेन्झा आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे पीटर रॅटक्लिफ हे एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाचा अभ्यास करीत होते. १९९२ साली सेमेन्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक जागृत करणारे एक प्रथिन शोधून काढले. त्याला ‘हिफ’ असे म्हणतात. प्राणवायूची चाहूल घेण्याची ही शक्ती केवळ मूत्रपिंडात नसून शरीरातील इतर पेशींतही आहे, असेही दोघांच्या संशोधनातून दिसून आले. तिसरे संशोधक विल्यम केलिन. ते बोस्टन येथे अगदी वेगळ्या प्रश्नात गुंतले होते. फॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक रोगात डोळे, मेंदू, मूत्रपिंडे इत्यादी ठिकाणी रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी होतात. त्या गाठींतील पेशी जणू प्राणवायू संपल्याप्रमाणे वागत, हे त्यांच्या ध्यानात आले. दोन वाटा येथे एकत्र आल्या. १९९९ साली रॅटक्लिफ यांच्या गटाने दाखवून दिले की, या रोगात जे प्रथिन बिघडते, तेच निरोगी पेशीत हिफच्या नाशाला कारण होते. २००१ साली केलिन व रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी या कोड्याचा उरलेला दुवाही शोधून काढला.

ही युक्ती एका दृष्टांताने समजून घेऊ. एका गावचा पाटील ‘मदत पाठवा’ असे पत्र दर घटकेला लिहवितो आणि जासुदाच्या हाती देतो. वाटेत एक कारकून बसलेला असतो. तो त्या पत्रावर ‘गावात कुशल आहे’ असा शिक्का मारतो. वेशीवरचा पहारेकरी शिक्का पाहताच ते पत्र फाडून टाकतो. मात्र कारकुनाजवळची शाई संपली, तर शिक्का उमटत नाही. मग पहारेकरी पत्राला हात लावत नाही आणि ते थेट राजधानीत पोहोचते.

पेशीत हेच घडते. पत्र म्हणजे हिफ. कारकून म्हणजे एक विशिष्ट विकर, आणि शाई म्हणजे खुद्द प्राणवायू. हे विकर हिफवरील दोन ठराविक जागी प्राणवायूचा एकेक अणू बसविते. ती खूण पटताच पहारेकरी प्रथिन हिफला धरते, आणि पेशीतील मोडतोडीची यंत्रणा काही मिनिटांतच त्याचे तुकडे करते. प्राणवायू कमी पडला की ही खूण उमटेनाशी होते. हिफ वाचते, पेशीच्या केंद्रकात शिरते, तेथे आपल्या जोडीदार प्रथिनाला मिळते आणि अनेक जनुके जागी करते. त्यामुळे तांबडे कण वाढतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि प्राणवायूवाचून शक्ती मिळविण्याचा मार्ग पेशी अधिक चोखाळू लागते.

हे ज्ञान आता रुग्णांच्या उपयोगी पडू लागले आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याच्या शरीरात एरिथ्रोपोएटिन पुरेसे बनत नाही व त्याला पांडुरोग जडतो. अशा वेळी कारकुनाचा हात थोपवून धरणारी, म्हणजेच हिफला वाचविणारी औषधे देता येतात. असे एक औषध २०१८ साली चीनमध्ये व दुसरे २०२२ साली भारतात मान्य झाले. उलट, फॉन हिपेल-लिंडाऊ रोगात पहारेकरीच नसल्यामुळे संकट नसतानाही पत्रे सुटतात व गाठी वाढतात. तेथे हिफला अडविणारे औषध हवे असते. तसे एक औषध २०२१ साली अमेरिकेत मान्य झाले. या तिघा संशोधकांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अहोरात्र पत्रे लिहावयाची आणि ती फाडून टाकावयाची, ही प्रथमदर्शनी उधळपट्टी वाटेल. परंतु संकट आल्यावर कागद-दौत शोधावयास निघालेल्या गावाला मदत वेळेवर कोठून मिळणार? पेशी निरोप आधीच लिहून ठेवते. संकटात तिला एवढेच करावयाचे असते, की तो फाडावयाचा नाही.

स्वाध्याय

१. मोरोकोचा येथे राहिल्यावर व्हिओच्या रक्तात कोणता फरक पडला? त्याचे कारण सांगा.
२. दृष्टांतातील पत्र, कारकून, शाई व पहारेकरी म्हणजे पेशीतील कोणकोणत्या गोष्टी?
३. एका रोगात हिफला वाचवावे लागते, तर दुसऱ्यात अडवावे लागते. असे का, ते आपल्या शब्दांत लिहा.