विश्रामबागेत राहून कळलेलं

माझं बालपण सांगलीच्या गावभागात गेलं आणि संसार विश्रामबागेत झाला. दोन्हीकडं रोजचं येणंजाणं असल्यानं काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या.

१. सांगलीत वस्तीचा भाव आधी कृष्णा नदी ठरवते. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. गावभाग, खणभाग, मारुती चौक पाण्याखाली होते आणि उंचावरच्या विश्रामबागेत आमच्या गल्लीत रस्ता कोरडा होता. मावशीचं अख्खं घर आमच्या वरच्या मजल्यावर आलं. तिनं येताना देवांचा डबा, घराची कागदपत्रं आणि लोणच्याची बरणी तेवढी उचलली होती. आता प्लॉट दाखवणारा एजंट दराआधी सांगतो, "इथं २००५ ला पाणी नव्हतं, २०१९ लाही नव्हतं." आकडा त्यानंतर निघतो, आणि गिऱ्हाईक तो मुकाट ऐकून घेतं.

२. विश्रामबागेत बंगल्यांच्या आधी कॉलेजं आली. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज काढलं. १९४७ मध्ये धोंडुमामा साठ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं, तेच पुढं वालचंद झालं. सांगली-मिरज रस्त्याकडेच्या त्या मोकळ्या माळावर कॉलेजांच्या आधारानं वस्ती वाढली. विश्रामबागेला उच्चभ्रू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माझ्या मते या भागाची खरी प्रतिष्ठा शिक्षणातूनच आली. संगमरवरी जिने फार नंतरचे.

३. वर राहायला गेलं तरी गाव सुटत नाही, सोडूही नये. सण आला की गणपती मंदिर, नाटक आलं की भावे नाट्यमंदिर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सांगलीतच केलं. इथल्या कितीतरी बंगल्यांचा पाया हळदीच्या पेठेत मिळवलेल्या पैशावर उभा आहे. त्या पेठेत पाणी शिरलं की नुकसान साऱ्या सांगलीचं होतं.

४. बंगला पाडून अपार्टमेंट उभारताना झाड राखावं आणि थोडी माती उघडी ठेवावी. आपली काळी जमीन एरवीही पाणी सावकाश मुरवते. कंपाऊंडपर्यंत फरशी घातली तर ते शेजाऱ्याच्या दारात जातं.

५. उंचावरच्या माणसावर जबाबदारी जास्त. पूर आला नाही तरी नाले बुजले की सखल भागात आठवडाभर पाणी तुंबतं, आणि त्यात आपल्याकडून वाहून गेलेलं पाणीही असतं. म्हणून विश्रामबागकरांना माझं सांगणं आहे: नालेसफाई कुठवर आली, हे मे महिन्यातच महापालिकेत जाऊन विचारा. नदीकाठच्या नातेवाइकांना पाणी चढायची वाट न बघता जुलैतच फोन करा आणि खोली रिकामी आहे म्हणून सांगा.