आज्ञावली, लायब्ररी आणि क्रमांकाचा करार

जुन्या लिनक्स संगणकावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली आज्ञावली नव्या संगणकावर सुरूच होत नाही, असा अनुभव कार्यालयांना व शाळांना येत असतो. अशा वेळी यंत्रास दोष देण्यापूर्वी आज्ञावली आणि तिला लागणाऱ्या लायब्ररी यांचा मेळ तपासावा.

लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे दालन नव्हे. फाईल उघडणे, तारीख काढणे, मजकूर छापणे ही कामे बहुतेक आज्ञावल्यांना लागतात. ती एका सामायिक फाईलमध्ये ठेवतात व सर्व आज्ञावल्या तिचा उपयोग करतात. लग्नकार्याची मोठी भांडी गावाने मिळून घ्यावीत, तसाच हा प्रकार.

लिनक्सवर आरंभी ‘ए.आउट’ हा आराखडा रूढ होता. त्यात प्रत्येक सामायिक लायब्ररीस स्मृतीतील ठरावीक जागा आधीच नेमून द्यावी लागे. ती वाढली की शेजारणीच्या हद्दीत शिरण्याचे भय. 1995 च्या सुमारास ‘एल्फ’ हा आराखडा स्वीकारण्यात आला. त्यात लायब्ररी स्मृतीत कोठेही ठेवता येते आणि आज्ञावलीला हव्या असलेल्या लायब्ररींची नावे तिच्यातच नोंदलेली असतात.

नावाच्या अखेरीस क्रमांक असतो. ‘लिबसी.एसओ.5’ मागणाऱ्या आज्ञावलीस ‘लिबसी.एसओ.6’ चालत नाही. जुन्या आज्ञावल्यांशी मेळ तुटेल असा बदल झाला तरच हा क्रमांक बदलावा, असा संकेत आहे. ग्नू सी लायब्ररीचा 6 हा क्रमांक 1997 पासून आजतागायत टिकून आहे, कारण आतील प्रत्येक कार्यावर आवृत्तीचा स्वतंत्र शिक्का मारण्याची सोय पुढे झाली.

या शिक्क्याची किंमत पुढे कळली. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरविणारे ‘मेमकॉपी’ नावाचे कार्य आहे. दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील तर ते वापरू नये, असा लेखी नियम. फ्लॅश प्लेयरमध्ये मात्र तो पाळलेला नव्हता. 2010 साली कार्याची रीत बदलली आणि फेडोरा 14 वर फ्लॅशचा आवाज बिघडला. लायब्ररीकार नियमाला धरून होते खरे, पण ऐकणाऱ्याला त्या नियमाचे काय? अखेर 2011 च्या 2.14 आवृत्तीत नव्या रीतीला नवा शिक्का मिळाला व जुन्या आज्ञावल्यांसाठी जुनी रीत कायम ठेवण्यात आली.

म्हणूनच नव्या लायब्ररीस जुने नाव देऊन वेळ मारून नेण्याचा उपाय घातक होय. आज्ञावली सुरू होईलही. पण पगारपत्रकातील किंवा गुणपत्रकातील आकडे गुपचूप चुकले तर ते शोधणार कोण? जुन्या क्रमांकाची लायब्ररी मिळवून नवीजवळ ठेवावी. क्रमांक निराळे असल्याने दोन्ही सुखेनैव नांदतात. कोणती लायब्ररी सापडत नाही हे ‘एलडीडी’ ही आज्ञा दाखविते. मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेल्या आज्ञावलीवर ती चालवू नये, कारण तपासणीच्या ओघात ती आज्ञावलीच सुरू होण्याचा संभव असतो. तेथे ‘ऑब्जडम्प’ वापरावी; ती केवळ नोंदी वाचते.