एकच तारांकन, दोन अर्थ

प्रश्न : लिनक्सच्या टर्मिनलमध्ये * या चिन्हाचा अर्थ ‘एलएस’ आणि ‘ग्रेप’ या आज्ञांत वेगवेगळा का लागतो?

उत्तर : या चिन्हामागे दोन स्वतंत्र परंपरा आहेत. पहिली, ‘एलएस’पुढे लागू होणारी, फाइलींच्या नावांसाठीच्या नमुन्यांची, म्हणजेच ‘ग्लॉब’ची; १९७१ च्या युनिक्समध्ये शेलसाठी हे नमुने उलगडण्याचे काम याच नावाचा वेगळा प्रोग्रॅम करीत असे, आणि तेथे * म्हणजे कितीही व कोणतीही अक्षरे. दुसरी, ‘ग्रेप’ वापरते ती ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ची, जी गणितज्ञ स्टीफन क्लिनी यांच्या सिद्धान्तातून निघाली आणि केन थॉम्प्सन यांनी मजकूर-संपादकांत आणली; तेथे * स्वतः कोणतेही अक्षर दर्शवीत नाही, तर आधीचे अक्षर शून्य किंवा अधिक वेळा चालेल, एवढेच सांगते. बॅश या शेलच्या दुहेरी चौकटी कंसांत तर == पुढे ग्लॉब आणि =~ पुढे रेग्युलर एक्स्प्रेशन लागू होते, आणि ही विसंगती नवशिक्यावर अन्याय करणारीच आहे.

खरा धोका मात्र अवतरणचिन्हे वगळण्यात आहे. फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ या आज्ञेला *.टीएक्सटी हा नमुना अवतरणाविना दिला, तर तो तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच शेल त्याच्या जागी चालू डिरेक्टरीतील जुळणारी नावे घालते. तेथे तशी एकच फाइल असेल, तर फाइंड केवळ त्याच नावाचा शोध घेते आणि उपडिरेक्टरींतील बाकीच्या फाइली कोणतीही सूचना न देता सुटून जातात. जुळणारे नाव नसल्यास बॅश नमुना जसाच्या तसा पुढे पाठवते, त्यामुळे तीच आज्ञा बरोबर चालल्याचे दिसते. झेडशेल हे दुसरे शेल मात्र त्रुटी दाखवून थांबते. म्हणून फाइंड किंवा ग्रेपसाठीचा नमुना नेहमी एकेरी अवतरणात लिहावा.