खात्यावर येत राहिलेली रक्कम

चि. मुकुंद यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दाजी 9 ऑगस्टला गेले आणि तरीही ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या तिन्ही महिन्यांचे निवृत्तिवेतन बिनबोभाट खात्यावर जमा झाले, तेव्हा आता काय करावे अशी तुझी पृच्छा आहे. आणि 'कार्ड तुमच्यापाशी आहे, काढून घ्या, कोण विचारतो' असा सल्ला कुणी दिल्याचेही तू मोकळ्या मनाने लिहिले आहेस. त्या सल्ल्याचे उत्तर प्रथम देतो : त्या रकमेतील एक पैही उचलू नकोस. आज जी केवळ कार्यालयाची अजाणता झालेली प्रदानाची चूक आहे, तिला मृताच्या कार्डाने काढलेल्या पैशांमुळे उद्या अफरातफरीचे स्वरूप येते. आणि ज्या गृहस्थाने तहसिलीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवली, त्याचे नाव वसुलीच्या नोटिशीवर यावे, हे मला तरी साहवणार नाही.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत झाली म्हणजे निवृत्तिवेतन देणाऱ्या कोषागारालाही ती कळली, असा लोकांचा समज असतो. 1969च्या कायद्यानुसार मृत्यू 21 दिवसांत कळवायचा असतो, हे खरे. परंतु त्या दप्तरातून या दप्तरात खबर आपोआप पोचतेच असे नाही. कोषागाराचा भरवसा असतो तो नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यावर. त्यावर सही पडली नाही, म्हणजे मग वेतन थांबते आणि चौकशी सुरू होते. डिसेंबरात निवर्तलेल्या माणसाचे वेतन, घरच्यांनी न कळवल्यास, जवळजवळ वर्षभर येत राहू शकते ते यामुळेच. तुझ्या बाबतीत तीन महिन्यांवरच निभावले, ही बरी गोष्ट.

आता हिशेब नीट समजून घे, कारण भीतीपोटी आहे त्याहून अधिक परत करण्याचेही कारण नाही. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसासह देय असते. म्हणजे ऑगस्टचे पहिले नऊ दिवस निर्विवादपणे दाजींचे, आणि 10 ऑगस्टपासून अक्काचे, म्हणजे तुझ्या आईचे, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू. दाजींचे मूळ निवृत्तिवेतन अखेरच्या पगाराच्या निम्मे होते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वाढीव दराची मुदत केव्हाच सरल्यामुळे अक्काला त्याच पगाराच्या 30 टक्के मिळेल, आणि महागाईची वाढ दोन्हींवर सारख्याच दराने. याचा अर्थ असा की, 10 ऑगस्टपासूनच्या जमेतील प्रत्येक पन्नास रुपयांमागे तीस रुपये असेही तुझ्या आईचेच आहेत आणि परत जायचे ते वीस. तुझ्या पत्रात सगळीच रक्कम बुडाल्याचा जो सूर आहे, तो अनाठायी आहे. कोषागाराने मान्य केल्यास अक्काच्या थकबाकीतून ही जादा रक्कम वळती करून घेता येते. नाही तर ते सांगतील त्या लेखाशीर्षाखाली चलनाने भरावी लागते. परंतु उशीर जितका होईल तितका हा बोजा वाढेल, आणि तो अखेर त्या माउलीच्या मासिक वेतनातूनच कापला जाईल, हे विसरू नकोस.

म्हणून उद्याच अर्ज कर. मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची दाजींकडची प्रत, अक्काची ओळखीची कागदपत्रे व बँकेचे पासबुक जोड. आदेशात अक्काचे नाव आधीच असल्यास काम पुष्कळ सुकर होते. त्याच अर्जात, जमा झालेल्या जादा रकमेचा तारीखवार तक्ता मिळावा, अशी विनंती कर. कोषागार आणि बँक या दोहोंना अर्ज द्यावा आणि दोन्ही ठिकाणी आवक शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी सांगितले ते दप्तरी लागत नाही, हा माझ्या कोषागारातील चाकरीचा अनुभव. बँकेने संपूर्ण खाते अडवून ठेवले, तर अक्काची स्वतःची शिल्लक मोकळी करून केवळ हिशेबाने निघणारी रक्कम राखावी, असे विनयाने पण लेखी मागावे.

सर्वोच्च न्यायालयाने अशी वसुली बंद केली आहे, हे जे कुणी तुला सांगितले ते अर्धवट ऐकीव आहे. रफीक मसीह प्रकरणातील 2014चा निर्णय कार्यालयाच्या चुकीने हयात कर्मचाऱ्यास जादा वेतन मिळाल्यासंबंधी आहे, विशेषतः कनिष्ठ वर्गातील व निवृत्त किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कर्मचाऱ्यांना दिलासा देणारा. मृत्यूनंतर जमा झालेल्या पैशास त्याचा आधार मिळेल असे मला वाटत नाही. चुकीने मिळालेली रक्कम परत करावी, असे 1872च्या करार कायद्याचे कलम 72 स्पष्ट सांगते. मात्र एकरकमी भरणे जड जात असेल तर हप्ते मागण्यात कमीपणा मानू नकोस.

अर्जाचा मसुदा मला पाठव, मी तपासून परत धाडीन. आणि अक्काच्या नावे निराळे खाते उघडणे भाग पडले, तर नामनिर्देशनाचा रकाना या खेपेस रिकामा सोडू नका.

कळावे.

तुझा,
मामा